चेकरबाईंचे एकशेवीस

चेकरबाईंच्या हातात कुणाचा नवा फोन दिला की त्या तो बघत नसत, सरकवत. कॅमेरा कसा आहे, रंग कोणता, मागची बाजू काचेची की प्लास्टिकची, यातलं काहीही नाही. सेटिंगची लांबलचक यादी उघडायची, अंगठ्याने ती वर ढकलायची, खाली ओढायची, पुन्हा वर. दोन-तीनदा असं झालं की मान किंचित तिरकी व्हायची आणि निकाल लागायचा. "साठ." किंवा "नव्वद हाय." आणि फार क्वचित, चेहरा जरा सैल सोडून, "एकशेवीस." नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा तो प्रकार होता.

मी नवा फोन घेतला तेव्हा तो शाळेत सगळ्या शिक्षकांना दाखवून झाला होता आणि सगळ्यांनी तो वाखाणलाही होता. घरी येताना जिन्याशी बाई भेटल्या. त्यांनी फोन घेतला, सरकवला आणि म्हणाल्या, "साठ हाय, सर." मला वाटलं, गुण दिले. शंभरापैकी साठ म्हणजे प्रथम श्रेणी, म्हणून मी थँक्यू म्हणालो. बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचा अर्थ लागायला मला पुढे दोन वर्षं लागली, आणि आता तो नीट लागला आहे असंही छातीठोकपणे सांगता येत नाही.

नाशिकरोडला मुक्तिधामच्या मागच्या अंगाला आमची तीन मजली सोसायटी. बाई तळमजल्यावर, आम्ही त्यांच्या डोक्यावर. त्यांचं नाव सुमन, पण ते फक्त वीजबिलावर असायचं. माहेर-सासर दोन्ही सटाण्याकडचं. यजमान सरकारी छापखान्यात होते. आमच्याकडे त्याला नुसतं 'प्रेस' म्हणतात. ते अकाली गेले आणि त्यांच्या जागी बाई लागल्या. तिथे त्या तीसेक वर्षं चेकर होत्या. छापून आलेली पोस्टाच्या तिकिटांची शीटं तपासायची, खराब शीट बाजूला काढायचं, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीर्थयात्रा केली नाही, सोनं केलं नाही. त्यांनी गेम खेळायचा फोन घेतला.

हा एकशेवीसचा काय प्रकार आहे, असं एकदा मी धीर करून विचारलं. बाईंनी माझ्या मुलांच्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या, माझ्या हातून काढून घेतला. एक कोपरा चिमटीत धरला आणि अंगठ्याखालून फर्रकन पानं सोडली. प्रेसमध्ये शंभर शीटांची गड्डी अशीच सोडायची म्हणाल्या. सगळी शीटं सारखी असतील तर चित्र जागच्या जागी उभं राहतं. एखाद्यावर रंग सरकलेला असला, फाडायच्या भोकांचा टोचा चुकलेला असला, तर तेवढ्याच जागी चित्र उडी मारतं. "तिथं वाचत बसायचं नसतं, सर. डोळा वाचत नाय, डोळा दचकतो." फोनही तेच करतो. साधा फोन सेकंदाला साठ शीटं सोडतो, चांगला एकशेवीस. साठवाला सरकवला की अक्षरं उड्या मारत जातात, एकशेवीसवाला वाहतो.

मग त्यांनी आपल्या फोनवर मला दोन्ही दाखवलं. आधी साठ, मग एकशेवीस. "दिसला फरक?"

मला काडीचा फरक दिसला नाही. यादी वर गेली, यादी खाली आली. पण बाई माझ्या तोंडाकडे इतक्या आशेनं बघत होत्या की मी म्हणालो, "हो, दिसला की."

इथे माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. मला एखादी गोष्ट कळली नाही की माझ्या तोंडून आपोआप 'हो' निघतं. बँकेतल्या बाईंनी काही समजावलं, हो. डॉक्टरांनी गोळ्यांचं वेळापत्रक सांगितलं, हो. माझी बायको शैला म्हणते, याच सवयीमुळे आमचं लग्न ठरलं. वर्गात मी पोरांना दटावतो की कळलं नसेल तर हात वर करा, आणि स्वतःचा हात मात्र आयुष्यभर खाली. तो 'हो' मला तेव्हा अगदी निरुपद्रवी वाटला होता. त्याबदली बाईंनी मला त्या दिवसापासून जाणकारांत धरलं.

सकाळचा कुकर उतरला की अकरा ते बारा बाई खेळायच्या. दाराशी प्लास्टिकची खुर्ची, पाय पाटावर, चष्मा कपाळावर, फोन आडवा दोन्ही हातांत. गाड्यांच्या शर्यतीचा गेम. त्यात त्यांनी आपल्या सटाण्याच्या तालुक्यावरून स्वतःचं नाव 'बागलाण' ठेवलं होतं. कानपूर-कोइमतूरकडची कोण कुठली पोरं त्या बागलाणच्या मागे धूळ खात असायची, आणि तो कुणी दांडगा तरुण नसून निवृत्त विधवा आजीबाई आहे याचा त्यांना पत्ता नसायचा. मध्येच बाई ओरडायच्या, "फ्रेम पडली." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकून भिंतीवरच्या त्यांच्या यजमानांच्या फोटोकडे पाहिलं. तो हारासकट जागेवर होता. पडली होती ती गेममधली, त्या साठ-एकशेवीस शीटांतलं एखादं.

त्यांच्यापायी माझ्या डोक्यात जो गोंधळ झाला तो भूगोलाच्या पदवीनं निस्तरेना. पडदा एकशेवीसचा असला म्हणून गेम एकशेवीसचा असतो असं नाही. "ताट मोठं घेतलं म्हणून भाजी जास्त येते का? वाढणारानं वाढली पायजे." बरं, दोन्ही एकशेवीस असले तरी भागलं नाही. बोट टेकलं हे फोनला किती लवकर कळतं, तो आणखी तिसरा आकडा. शिवाय फोन लबाड असतो. आपण गप्प बसलो की तो आपणहून आकडा खाली आणतो आणि बोट लावलं की साळसूदपणे वर नेतो. मी वहीत 'पडदा, गेम, बोट' असे तीन रकाने पाडले आणि बोर्डाच्या परीक्षेसारखे पाठ केले. दुसऱ्या दिवशी कशाखाली काय लिहिलंय तेच आठवेना.

फोन तापण्यावर तर बाईंचं स्वतंत्र शास्त्र होतं. तापला की त्याची ताकद उतरते, शीटं कमी सुटतात, गाडी वळणावर अडखळते. म्हणून फोनला कव्हर नाही, खेळताना चार्जर नाही, आणि दोन शर्यतींच्या मध्ये फोन माठाच्या झाकणावर पालथा. एप्रिलमध्ये शैला बाईंकडे पाणी प्यायला गेली की आधी फोन उचलावा लागायचा. "तापलेला फोन आणि तापलेला माणूस, दोघांशी खेळायला जाऊ नये," असं बाई म्हणत. शैलाने हे वाक्य माझ्यावर इतक्या वेळा वापरलं की ते मूळचं कुणाचं हे आमच्या पाहुण्यांना माहीत नाही.

प्रेसची एक गोष्ट त्या वरचेवर सांगायच्या. एकदा जेवणानंतर गड्डी सोडताना शेजारणीशी बोलणं चाललं होतं. गड्डी पुढे गेली आणि मग बाईंना वाटलं, मघाशी डोळा किंचित दचकला होता. खात्री नव्हती. कुणी विचारलंही नसतं. पण त्या उठल्या आणि साहेबांना जाऊन म्हणाल्या की माझ्याकडून एक खराब शीट गेलं असेल. सगळा माल पुन्हा उघडला, अख्खी लाइन संध्याकाळपर्यंत तपासत बसली, आणि काही म्हणजे काही सापडलं नाही. बायका आठ दिवस बोलल्या नाहीत. मी विचारलं, मग तुमची चूक नव्हतीच तर सांगितलंत कशाला? त्यांना हा प्रश्नच कळला नाही. चेकरनं शीटावर शंका घेण्याआधी स्वतःच्या डोळ्यावर घ्यायची असते, आणि घेतली की बोलायची असते, असं त्या म्हणाल्या. मी 'हो' म्हणालो.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, हा कडेकडेनं नजर खातो, माणसाला पत्ता लागत नाही. थेंब चुकवायचे नाहीत, दर सहा महिन्यांनी तपासणी करायची. त्या तपासणीला मीच त्यांना स्कूटरवर नेलं. अंधाऱ्या खोलीत एका भांड्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालायचं, आत कुठेतरी बारीक ठिपका चमकतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. बाई बाहेर आल्या त्या नाक मुरडत. म्हणाल्या, गेम लय स्लो हाय.

सटाण्याहून लेक मनीषा धावत आली. तिथे त्यांचा कांद्याचा मळा, मोठं घर. आई एकटी इथे काय करणार, चल म्हणाली. बाईंनी पिशवीतून थेंबाची बाटली काढली आणि लेकीला तिथल्या तिथे शब्द दिला: ज्या दिवशी डोळा गेला त्या दिवशी मी आपणहून येईन, तोवर नाव काढायचं नाही. हा शब्द माझ्या आणि शैलाच्या समोर दिला गेला. त्या घरात बाई चाळीस वर्षं राहत होत्या. दाराशी ती खुर्ची, माठ, ओट्यावरचा कुकर, अकरा वाजता बागलाण. एवढं सगळं त्यांनी आपल्या डोळ्यावर लावलं होतं.

आता डोळा गेला हे ठरवायचं कसं? सहा महिन्यांनी येणाऱ्या मशीनवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी स्वतःची रोजची तपासणी बसवली. सकाळी थेंब घातले, तोंड धुतलं, चहा झाला की फोन साठवर आणायचा आणि सरकवायचा, मग एकशेवीसवर आणायचा आणि सरकवायचा. फरक दिसला की दिवस पास. कोणताही डोळ्यांचा डॉक्टर हे ऐकून हसला असता. काचबिंदूचा आणि याचा संबंध किती, मला ठाऊक नाही. पण तीस वर्षं ज्या डोळ्यानं नोकरी केली, त्याची हजेरी बाई अशी घेत होत्या. खालून "पास" असं ऐकू आलं की शैला वर पोळ्या लाटायला घ्यायची.

श्रावणात एका सोमवारी आम्ही तिघं त्र्यंबकेश्वरला गेलो. रांग लांबलचक. दुपारीच बाईंच्या फोनची बॅटरी उतरली आणि संध्याकाळी मनीषाचा फोन येणार म्हणून त्या कासावीस झाल्या. मी म्हटलं, द्या इकडे. शाळेत सहलीला आम्ही शिक्षक करतो तेच मी केलं, बॅटरी बचतीची खूण दाबली. फोन रात्रीपर्यंत टिकला, लेकीशी बोलणं झालं, बाईंनी मला चक्क शाबासकी दिली. ती खूण पुन्हा बंद करायची असते हे माझ्या गावीही नव्हतं. त्यांच्याही नसावं, कारण त्यांचा फोन एरवी कायम भरलेला असायचा आणि ही सोय त्यांनी आयुष्यात कधी वापरली नव्हती.

मंगळवारी खालून "पास" आलं नाही. बुधवारी नाही. गुरुवारी शैला म्हणाली, बाईंचं काहीतरी बिनसलंय, अकरा वाजता खेळत होत्या पण तीनदा हरल्या आणि फोन ठेवून भांडी घासत बसल्या. शुक्रवारी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. चहा टाकलेला नव्हता. मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"सर, तुमचा डोळा चांगला हाय. जरा बघा," म्हणाल्या. त्यांनी सेटिंग साठवर नेलं आणि यादी सरकवली. मग एकशेवीसवर नेलं आणि सरकवली. "फरक दिसतो?"

मला नेहमीप्रमाणे काहीच दिसलं नाही. पण मला कधीच काही दिसत नसे, त्यामुळे त्यात विशेष असं काही वाटलं नाही.

"हो, दिसतो की," मी म्हणालो.

"स्पष्ट दिसतो?"

"अगदी स्पष्ट."

बाईंनी फोन ओट्यावर पालथा ठेवला. माठाच्या झाकणावर नाही, ओट्यावर. ते मला तेव्हा खटकलं होतं. मग स्वतःशीच त्यांच्या बागलाणी बोलीत काहीतरी पुटपुटल्या, आणि मला म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही होता. नायतर मी शंकेतच राहिले असते." मी वर येऊन शैलाला सांगितलं की बाई आता ठीक आहेत.

रविवारी मनीषा जीप घेऊन आली. बाईंनीच फोन करून बोलावलं होतं. आम्ही तोंडात मारल्यासारखे बघत राहिलो. अजून दिसतंय तुम्हाला, कशाला घाई करता, असं शैला तीन-तीनदा म्हणाली. बाईंनी कुणाला दोष दिला नाही, रडल्या नाहीत. शब्द दिला होता, संपलं, एवढंच. भांडी पोत्यात गेली, माठ शेजारी गेला, यजमानांचा फोटो मांडीवर. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी पदराखालून फोन काढला आणि माझ्या हातात ठेवला. "तुम्ही वापरा, सर. मला आता साठ काय न एकशेवीस काय. तुम्हाला दिसतं, तुमच्याकडे शोभेल." मी नको नको म्हणालो. मग जीप हमरस्त्याकडे वळली आणि मी फोन हातात धरून फाटकात उभा राहिलो. मला खरंच काही उमजत नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी कोइमतूरला हरवणारी बाई आज आंधळी म्हणून कशी निघून गेली?

फोन दिवाळीपर्यंत कपाटात होता. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या साठवाल्या फोनने मान टाकली, म्हणून तो बाहेर काढला आणि चार्ज केला. शैलाने सहज विचारलं, ही वरची बॅटरी पिवळी का दिसते? तिनेच बोटाने पडदा खाली ओढला, ती खूण सापडली, तिने ती बंद केली आणि फोन मला दिला. मी यादी सरकवली.

आणि मला दिसलं. खडीच्या रस्त्यावरून अचानक डांबरीवर सायकल यावी तशी अक्षरं सरळ वाहत गेली. मी खूण पुन्हा लावली: अक्षरं उड्या मारायला लागली. काढली: वाहायला लागली. सेटिंगमध्ये तर सगळा वेळ एकशेवीसच लिहिलेलं होतं. मी खाली बसलो. त्या शुक्रवारी माझ्यासमोर जे दोनदा सरकवलं गेलं, ते दोन्ही वेळा साठच होतं. फरक नव्हताच. बाईंना फरक दिसला नाही, कारण तो नव्हता. अख्ख्या नाशिकरोडमध्ये एकट्या त्यांचाच डोळा बरोबर सांगत होता, आणि त्यांनी माझ्या शब्दावर त्याला खोटं ठरवलं होतं. शैलाने एवढंच विचारलं, "सटाण्याला कधी जाताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली. पिंपळगाव, देवळा, सगळा रस्ता मी फोन सरकवत होतो. इतक्या वर्षांनी दिसायला लागलं होतं, पोटभर बघून घेत होतो. आणि मध्ये मध्ये तोंडातल्या तोंडात माफी जुळवत होतो.

मनीषाच्या ओट्यावर बाई तांदूळ निवडत होत्या. बऱ्याच वाळल्या होत्या. मी आवाज देईपर्यंत त्यांनी मला ओळखलं नाही, पण ऊन माझ्या पाठीमागे होतं, त्यामुळे मी ते उन्हावर ढकललं. मी सगळं सांगितलं. बचतीची खूण, माझा 'हो', आणि पहिल्या दिवसाचाही 'हो'. बाईंचे हात सुपात थांबले. "म्हणजे तेव्हा फरक नव्हता," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि मला दिसला नाय. म्हणजे मी पासच होते की." त्या इतक्या खुलल्या की मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फोन पुढे केला. आत्ता बघा, इथेच बघा आणि चला माझ्याबरोबर परत, घराला अजून तुमचंच कुलूप आहे, असं म्हणालो.

त्यांनी हात पदराला पुसले, फोन घेतला, मला साठ लावायला सांगितलं आणि सरकवला, मग एकशेवीस लावायला सांगितलं आणि सरकवला. मान तिरकी केली. "दिसतो," म्हणाल्या. "फरक दिसतो."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग चला, मी म्हटलं. पण त्या म्हणाल्या की आत्ता लागवडीची घाई आहे, लेकीला हात हवा, बघू संक्रांतीनंतर. जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना पिशवीभर कांदे आणि शैलासाठी खण दिला. मी हलक्या मनानं बसमध्ये बसलो आणि पुन्हा सरकवायला फोन काढला. अक्षरं उड्या मारत होती. वर बॅटरी पिवळी होती. येताना मी इतका खेळलो होतो की चार्ज तळाला गेला आणि फोन आपला आपण बचतीवर गेला होता. कधी गेला? वेळ दाखवणारी एक ओळ होती. शैलाला फोन करून ती कुठे असते ते विचारलं आणि बघितली. सकाळी सटाण्याला उतरताना मी तो खिशात टाकला, तेव्हाच गेला होता. मी त्यांच्या हातात फोन दिला तेव्हा दाखवायला फरक नव्हताच.

घरी पोचल्या पोचल्या मी मनीषाच्या घरच्या लँडलाइनवर फोन लावला. बाई आल्यावर सांगितलं की फोन बचतीवर होता, दोन्ही वेळा साठच होतं. पलीकडे कुठेतरी पंप चालू होता, त्याचा आवाज येत राहिला.

"बाई, मग तुम्हाला फरक दिसला कसा?"

"तुम्हाला त्या दिवशी दिसला, तसाच."

मग त्याच पुढे बोलल्या. डोळा आता खरंच चालला आहे, दसऱ्यापासून कडेचं दिसत नाही, सूप धरलं तर सुपाच्या कडा नसतात. श्रावणात तो गेला नव्हता हे कळलं याचं फार बरं वाटलं. "तुम्ही एवढ्या लांबून आलात, तोंड एवढंसं करून बसलात. रित्या हातानं कसं लावू माघारी?" तीस वर्षांत ज्यांनी शंकेचंही शीट पुढे जाऊ दिलं नाही, त्यांनी हे एक डोळ्यांदेखत जाऊ दिलं होतं. माझ्यासाठी. माझा 'हो' नसता तर आणखी किती महिने त्या आपल्या दाराशी बसल्या असत्या? दोन, चार? तेवढे मी घालवले, हे मला माहीत आहे. त्यांनी एकदाही तसं म्हटलं नाही, आणि ते जास्त लागतं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी मी त्याच लँडलाइनवर फोन करायचो. "सरकवा," त्या म्हणायच्या. मी इकडे सरकवायचो आणि त्या तिकडून विचारायच्या, काय दिसतं? मी दिसेल ते सांगायचो. ही कसली तपासणी आणि कुणाची, मला अजूनही कळलेलं नाही, पण आम्ही दोघं ती मन लावून करायचो. उन्हाळ्यात एका रविवारी दोन्हींत फरक वाटेना. बॅटरी भरलेली, बचत बंद, फोन गार. जुना मी असतो तर 'हो' म्हणून मोकळा झालो असतो. "नाही दिसत, बाई," मी म्हणालो.

"मग डोळा दाखवून या," त्या म्हणाल्या. "उद्या नको, उद्या तुम्ही विसराल. आजच नंबर लावा."

शैलाने त्याच दिवशी पुढच्या सोमवारची वेळ घेतली. त्याच्या आदल्या रविवारी मी फोन लावला तर मनीषाने उचलला. बाई शुक्रवारी पहाटे झोपेतच गेल्या होत्या. कळवायला तुमचा नंबर सापडेना, काका, आईच्या फोनमध्ये होता आणि तो फोन तुमच्याकडे, असं म्हणून ती रडायला लागली.

सोमवारी मी गेलो. तीच अंधारी खोली, तेच भांड्यासारखं मशीन. तिथल्या मुलीनं बटण हातात दिलं आणि सांगितलं, ठिपका दिसला की दाबायचं, नाही दिसला तर दाबायचं नाही. मी हो म्हणालो, आणि यावेळी मला खरंच कळलं होतं. गेम लय स्लो होता. ठिपके येत होते, मी दाबत होतो. मग डाव्या कडेला बराच वेळ काही आलं नाही. तिथे काहीतरी असणार, इतका वेळ रिकामा कसा जाईल, बिचारी मुलगी थांबली असेल, असं वाटून अंगठा बटणावर दोनदा टेकलासुद्धा. मी दाबलं नाही.